चष्मा काढण्याची शस्त्रक्रिया : काय अपेक्षा ठेवावी?

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा, मी किमान वेतनावर किंवा मोंढ्यातील हमाल-मापाड्यांच्या प्रश्नावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी डोळ्यांचा विषय सांगितला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य दिसले तेच आज काही श्रोत्यांच्याही चेहऱ्यावर आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो : मी डॉक्टर नव्हे. शाळाही मी पुरी केलेली नाही. जे वाचले, जे जाणत्या डॉक्टरांना विचारून घेतले आणि जे आपल्या माणसांच्या बाबतीत डोळ्यांदेखत घडले, तेवढेच माझ्यापाशी आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका तरुणामुळे. आमच्या संघटनेतील एका मापाड्याचा हा मुलगा. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला, हुशार, आणि रेल्वेचे इंजिन चालवायचे हे एकच वेड घेतलेला. नांदेड हे २००३ सालापासून रेल्वेच्या विभागाचे मुख्य ठाणे आहे. त्यामुळे आपल्याकडील पोरांना रेल्वेची नोकरी म्हणजे डोळ्यासमोरची गोष्ट वाटते. मुलाला उणे तीनचा चष्मा होता. बापाने पतपेढीतून कर्ज काढले, मुलाने मोठ्या शहरातील एका रुग्णालयात लेसर करून घेतले आणि आठ दिवसांनी माझ्याकडे पेढे घेऊन आला. “काका, चष्मा गेला बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथीसुद्धा दिसायली.” मलाही आनंद झाला. पुढे त्याने दोन वर्षे अभ्यास केला. भरतीची छापील जाहिरात माझ्याकडे आणली ती फॉर्म भरून झाल्यावर, एक शब्द समजेना म्हणून. ती वाचताना मी एका ओळीवर थांबलो. डोळ्यांचा नंबर घालवण्यासाठी लेसिक अथवा अन्य कोणतीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार सहायक लोको पायलट या पदास पात्र नाही, असे तेथे स्वच्छ लिहिले होते. २०२४ सालच्या भरतीच्या जाहिरातीतही ती अट आहे आणि २०१८ सालच्या भरतीतही होती. चष्मा लावणाराही तेथे चालत नाही, कारण चष्म्याविना सहा-सहा अशी नजर मागतात. म्हणजे शस्त्रक्रिया केली काय नि न केली काय, ते दार त्याला बंदच होते. गेली ती दोन वर्षे आणि बापाचे पैसे. रुग्णालयात त्याला कोणीच विचारले नव्हते की, बाबा, तुला चष्मा कशासाठी काढायचा आहे?

या एका प्रश्नाभोवती माझे आजचे सारे बोलणे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे डोळ्यांच्या कोणत्याही नव्या उपचाराला सरसकट ‘लेसर’ म्हणतात. म्हातारी सांगते, “माझा मोतीबिंदू लेसरने काढला.” मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेविषयी लातूर जिल्ह्याला विशेष आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. याच जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शस्त्रक्रियेसाठी विख्यात झाले आणि २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. ते गढूळ भिंग बारीक छिद्रातून फोडून काढतात ते बहुतेक वेळा लेसरने नव्हे, तर कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी. ही ‘फेको’ पद्धत अमेरिकेतील चार्ल्स केलमन या डॉक्टराने १९६७ साली आणली. त्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षांनी कित्येकांना पुन्हा अंधुक दिसू लागते आणि भिंगामागचा पातळ पडदा एका निराळ्या लेसरने मोकळा करतात. मधुमेहाने डोळ्याच्या पाठीमागचे दृष्टिपटल बिघडू लागले तर तेथे तिसराच लेसर मारतात. तो नजर वाढवण्यासाठी नसतो, आहे ती टिकवण्यासाठी असतो. चष्म्याचा नंबर घालवणारा लेसर या सर्वांहून वेगळा. साठीच्या सासूबाईंचा ‘लेसर’ झाला म्हणून विशीच्या सुनेने त्यावरून आपल्या शस्त्रक्रियेचा अंदाज बांधू नये. एक आहे आजारावरचा इलाज. दुसरी निरोगी डोळ्यावर सोयीसाठी केलेली शस्त्रक्रिया, आणि निरोगी डोळ्यावर हत्यार चालवायचे तर विचारही दुप्पट केला पाहिजे.

आता नंबर म्हणजे काय? बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. प्रकाश वाकवण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम हे पारपटल करते, उरलेले आतील भिंग करते. दोघांनी मिळून प्रकाश नेमका दृष्टिपटलावर आणून सोडला की चित्र स्वच्छ उमटते. डोळ्याचा गोळा थोडा लांब वाढला तर प्रकाश अलीकडेच एकत्र येतो, जवळचे दिसते पण दूरचे पुसट होते. हा उणे नंबर. त्याचा हिशेब सोपा आहे. उणे एक म्हणजे एक मीटरपलीकडचे अस्पष्ट, उणे दोन म्हणजे अर्ध्या मीटरपलीकडचे, उणे चार म्हणजे वीतभर अंतरापलीकडचे. पारपटल सर्व बाजूंनी सारखे गोल नसून अंड्यासारखे असले तर आडवे-उभे नंबर येतात. लेसर शस्त्रक्रियेत डोळ्याचा लांब गोळा आखूड करता येत नाही. पारपटलाचा मधला भाग किंचित सपाट करतात, इतकेच. चष्म्याची काच जे काम बाहेरून करीत होती ते डोळ्याच्या काचेवरच कोरून ठेवायचे, अशी ही युक्ती आहे.

ही युक्ती एकाएकी सुचलेली नाही. दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरी होसे बराकेर नावाचे डॉक्टर १९४९ च्या सुमारापासून पारपटलाचा आकार बदलण्याचे प्रयोग करीत होते. त्यासाठी ते पारपटलाची चकती कापून, गोठवून, कानसून परत बसवीत. पहिला लेसर १९६० साली थिओडोर मेमन यांनी तयार केला. आणि ज्या लेसरने आज हे काम होते त्याचा प्राण्याच्या पेशीवर काय परिणाम होतो हे १९८१ साली ज्यांनी पाहिले त्यांत आपला एक भारतीय होता, याचा मला अभिमान वाटतो. मद्रासेस १९२९ साली जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. तिकडे नोव्हेंबरात सणाला टर्की पक्ष्याचे जेवण असते. दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन यांनी उरलेला तुकडा प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर अतिनील लेसर सोडला. तुकडा भाजला नाही, करपला नाही. किरण पडला तेवढाच भाग सुबक रेषेत नाहीसा झाला आणि शेजारची पेशी तशीच राहिली. पुढे स्टीफन ट्रोकेल या नेत्रवैद्याने १९८३ मध्ये तो किरण पारपटलावर वापरण्याचे मनावर घेतले. १९९० च्या आसपास ग्रीसमधील पालिकारिस यांनी पारपटलाची पापणी उचलून खाली लेसर मारण्याची लेसिक पद्धत बसवली. शिळ्या मांसाच्या तुकड्यापासून निघालेली गोष्ट आज नांदेडच्या बसस्थानकाजवळच्या जाहिरात-फलकापर्यंत येऊन पोचली आहे.

फलकावर मात्र मायक्रॉनचा हिशेब नसतो, आणि या शस्त्रक्रियेचे मर्म तेथेच आहे. पारपटल मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५२० ते ५५० मायक्रॉन जाड असते. माणसामाणसांत हे कमीजास्त होते. लेसिकमध्ये वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा थर पापणीसारखा उचलतात. मग दर एका नंबराला ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन भाग लेसर उडवतो. खाली निदान २५० मायक्रॉन, आणि सावध डॉक्टरांच्या मते ३०० च्या आसपास, शाबूत राहिले पाहिजेत. आता वेतनाचा हिशेब करतो तसा करून पाहा. ५२० चे पारपटल, सहाचा नंबर. ११० गेले पापणीत, ८४ च्या आसपास गेले लेसरात, उरले ३२६. ठीक आहे. ४७० चे पारपटल आणि आठचा नंबर असेल तर उरतात २४८. येथे डॉक्टरने ‘नाही’ म्हटले पाहिजे. त्याने ‘नाही’ म्हटले तर तो तुमचा हितचिंतक आहे. दुसरे दुकान शोधत फिरू नका. हा नियम मोडला, किंवा मुळातच पारपटल कमजोर आहे हे तपासणीत निसटले, तर काही महिन्यांनी वा वर्षांनी ते पुढे फुगू लागते आणि चष्म्यानेही न सुधारणारी नजर होऊन बसते. असे क्वचित घडते, पण ज्याचे घडते त्याला ‘क्वचित’ या शब्दाचा उपयोग नसतो.

म्हणून शस्त्रक्रियेपेक्षा तिच्या आधीची तपासणी मोठी समजावी. पारपटलाचा नकाशा काढतात, जाडी मोजतात, अंधारात बाहुली किती मोठी होते ते पाहतात, अश्रू पुरेसे आहेत का पाहतात, औषध घालून बाहुली मोठी करून मागचे दृष्टिपटल तपासतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने मऊ लेन्स निदान आठ-पंधरा दिवस आणि कडक लेन्स त्याहून अधिक दिवस आधी बंद केली पाहिजे, नाहीतर नकाशा खोटा येतो. वय अठरा पुरे हवे, एकवीस असेल तर बरे. वर्षभरात नंबर अर्ध्याहून अधिक हललेला नसावा. लातूरच्या शिकवणी वर्गांत बारा-बारा तास पुस्तकावर वाकलेल्या मुलांचे नंबर वाढते असतात. प्रवेशपरीक्षा झाली की लगेच ‘लेसर करून टाकू’ म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. वाढत्या अंगाला आज शिवलेला सदरा उद्या आखूड होणारच. (लहान मुले दिवसाच्या उजेडात बाहेर खेळली तर चष्मा लागण्याचे प्रमाण कमी होते, असे अलीकडच्या अभ्यासांत आढळले आहे. तो उपाय फुकट असल्यामुळे त्याचा फलक कोणी लावीत नाही.) गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी थांबावे. सांधेवाताचे काही रोग, फार कोरडे डोळे, वाढलेला काचबिंदू असेल तर डॉक्टरपासून काही लपवू नये. आणि ज्याला उन्हाळ्यात डोळे खाजवून चोळण्याची सवय आहे त्याने ती आधी सांगावी. आपल्या कोरड्या, धुळीच्या मुलखात अशी पोरे फार. सतत चोळणे आणि पारपटल शंकूसारखे पुढे येणे यांचा संबंध आहे, आणि शंकू होऊ लागलेल्या डोळ्यावर हा लेसर मारणे म्हणजे खचत्या भिंतीची वीट काढणे होय.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची लोकांना उगाच भीती वाटते. ती भीती अनाठायी आहे. सुई टोचत नाहीत, भूल देऊन झोपवीत नाहीत. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकतात. पापणी मिटू नये म्हणून एक चिमटा लावतात, तो थोडा ताणल्यासारखा वाटतो. मग डोळ्यावर एक कडे दाबून बसवतात. तेव्हा दडपण जाणवते आणि काही क्षण समोरचे सर्व काळोखे होते. हे आधी ठाऊक नसलेला माणूस तेथे घाबरतो, म्हणून मुद्दाम सांगितले. वरचा थर उचलला की समोरचा दिवा पाण्यात पडल्यासारखा पसरट दिसतो. त्याच्याकडेच पाहत राहायचे. यंत्र टकटक आवाज करते, केस जळाल्यासारखा वास येतो. डोळा किंचित हलला तर यंत्र त्याच्या मागे जाते, अधिक हलला तर आपणहून थांबते. लेसर चालतो तो एका डोळ्याला बहुधा मिनिटाच्या आत. दोन्ही डोळे मिळून अर्ध्या तासात माणूस बाहेर येतो. पुढचे चार-सहा तास डोळे चुरचुरतात, पाणी गाळतात, वाळू गेल्यासारखे होते. घरी जाऊन झोपावे. बहुतेकांना दुसऱ्या सकाळी घड्याळ दिसते, आणि ज्याने दहा वर्षे उठल्या उठल्या उशाशी चष्मा चाचपला आहे त्याला त्या क्षणी काय वाटते हे मी पाहिले आहे. तो आनंद खोटा नाही.

याच कामाच्या दुसऱ्याही रीती आहेत. पीआरके नावाच्या जुन्या रीतीत पापणी उचलत नाहीत. वरची नाजूक साल काढून तेथेच लेसर मारतात. तीन-चार दिवस चांगले दुखते, नजर स्थिरावायला आठवडे लागतात, उन्हापासून फार जपावे लागते. म्हणून लोक तिला नाके मुरडतात. पण जो कुस्ती खेळतो, कबड्डी खेळतो, ज्याच्या धंद्यात डोळ्याला मार बसण्याचा संभव आहे, त्याच्यासाठी हीच बरी. कारण लेसिकची पापणी बसते, चिकटते, तरी तिची मूळची बळकटी पुरती परत येत नाही, आणि जोराच्या धक्क्याने ती वर्षांनंतरही सरकू शकते. तिसरी नवी रीत म्हणजे स्माइल. तीत आतल्या आत एक पातळ चकती लेसरने कापून लहानशा चिरेतून बाहेर ओढतात. पापणी नाही, कोरडेपणा काहीसा कमी, खर्च मात्र जास्त. पारपटल पातळ किंवा नंबर फार मोठा असेल तर पारपटलाला हात न लावता आत एक जादा भिंग बसवण्याचा मार्ग असतो. जो दवाखाना फक्त एकच रीत सर्वांना सांगतो त्याच्याकडे बहुधा यंत्रच एक असते.

आता आपल्या लोकांच्या कामाकडे येऊ. टेबलावर काम करणारा लेसिकनंतर दोन-तीन दिवसांत कामावर जाऊ शकतो. पण डाळमिलमध्ये, सरकी-जिनिंगमध्ये, मोंढ्यात पोती उचलणारा, गवंडी, वेल्डर यांनी दोन-तीन आठवडे धूळ, घाम आणि ठिणगी यांपासून दूर राहायचे असते. रोजंदारीच्या माणसाला इतके दिवस परवडतात का, हा हिशेब शस्त्रक्रियेच्या खर्चात कोणी धरीत नाही. शेतकऱ्याच्या मुलाने सोयाबीनच्या राशी चालू असताना हे काम काढू नये. डोक्यावरून पाणी घेणे काही दिवस बंद, नदी-विहिरीत पोहणे महिनाभर बंद, रात्री डोळ्यावर ढापण लावून झोपायचे आणि डोळा चोळायचा म्हणून नाही. औषधाच्या थेंबांत एक स्टेरॉइडचा असतो. तो सांगितल्या दिवशी बंद करायचा. बरे वाटते म्हणून दुकानातून आणून महिनोन् महिने घालणाऱ्यांचा डोळ्याचा दाब वाढू शकतो. डोळे कोरडे वाटणे पहिले तीन-सहा महिने सर्रास असते. त्यासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब लागतात, आणि थोड्या लोकांचा कोरडेपणा पुढेही राहतो.

रात्रीची गाडी चालवणाऱ्यांना वेगळे सांगितले पाहिजे. पहिले काही महिने समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसते, किरण फुटतात, काळोखात करडे आणि काळे यांतला फरक कमी कळतो. बहुतेकांचे ते ओसरते, काहींचे उरते. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा माणूसही रात्री लातूर रस्त्यावर अडखळू शकतो. दिव्याच्या खुणांवर शेकडो जीव सोपवायचे, तेथे रेल्वेने इतका सोवळेपणा का ठेवला, हे मला यावरून कळले. सैन्य, विमानदल, पोलीस यांचे नियम आणखी निराळे, आणि एकाच खात्यात पदागणिक निराळे. काही ठिकाणी शस्त्रक्रिया मुळीच चालत नाही. काही ठिकाणी ठराविक वयानंतर झालेली, ठराविक महिने लोटलेली आणि पारपटल पुरेसे जाड राहिलेली चालते. वैद्यकीय तपासणीत ती लपवता येत नाही, पारपटलाच्या नकाशावर ती उमटते. तेव्हा आधी ज्या नोकरीसाठी करायचे तिची त्या वर्षीची जाहिरात वाचायची, मग दवाखान्याची पायरी चढायची.

पैशाचे म्हणाल तर आरोग्यविम्यावर भिस्त ठेवू नका. पॉलिसीत सर्वसाधारणपणे साडेसातपेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च वगळलेला असतो. ती ओळ बारीक अक्षरात असते. संमतिपत्राचेही तेच. कारखान्याचा करार न वाचता सही केली म्हणून मी आयुष्यभर लोकांवर रागावलो आहे, आणि तीच माणसे दवाखान्यात सहा पानांवर डोळे मिटून सह्या करतात. मराठीत समजावून मागा. ‘शंभर टक्के चष्मा जाणार’ असे तोंडी सांगणाऱ्याला ते लिहून द्यायला सांगा. बहुतेकांची नजर सहा-सहा किंवा तिच्या जवळ येते. काहींना थोडा नंबर उरतो, काहींना पुन्हा लेसर लागतो, आणि पुन्हा मारायला पारपटल शिल्लक असावे लागते.

दोन गोष्टींचा या शस्त्रक्रियेशी संबंध नाही, तरी लोक तो जोडतात. पहिली चाळिशी. पंचेचाळिशीच्या माणसाने उणे नंबर घालवला की दूरचे स्वच्छ दिसते आणि पेपर वाचायला नवा चष्मा लागतो. आधी तो चष्मा काढून सुखाने वाचत होता. म्हणजे एक चष्मा गेला, दुसरा आला. दुसरी गोष्ट दृष्टिपटलाची. मोठ्या नंबराचा डोळा आतून लांबच राहतो, त्याचे दृष्टिपटल ताणलेलेच राहते. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखे झाले, काळ्या ठिपक्यांचा सडा पडला, पडदा आल्यासारखे वाटले, तर ‘माझे लेसर झाले आहे’ म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि कागद. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, पारपटलाची गोलाई व जाडी, किती मायक्रॉन काढले, हे सारे लिहून मागून घ्या आणि शिधापत्रिकेच्या शेजारी, घराच्या कागदांबरोबर ठेवा. पंचवीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर पारपटलाच्या गोलाईवरून काढतात. लेसर झालेल्या डोळ्यात नेहमीचे सूत्र चुकते आणि जुने आकडे फार कामी येतात. काचबिंदूची तपासणी करणाऱ्यालाही सांगावे लागते, कारण पातळ पारपटलावर डोळ्याचा दाब आहे त्याहून कमी भरतो. त्या मापाड्याच्या मुलाने आपले कागद हरवले होते. आम्ही दोघांनी त्या रुग्णालयाला तीन पत्रे लिहिली, तिसऱ्याला उत्तर आले आणि नकाशाची प्रत मिळाली. तो आता लातुरात एका वर्गावर गणित शिकवतो. ती प्रत त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून बापाच्या ट्रंकेत ठेवली आहे.